शिबिरानंतर

मंगळवारी सकाळी मालतीबाईंनी डोळ्यावरची हिरवी पट्टी वर करून देवघराकडे पाहिलं. समई दिसली नाही. नुसता पांढुरका धूर. काल ज्योत तरी दिसत होती.

ठणका आता कानापर्यंत गेला होता. त्यांनी मुलाला, हर्षलला सांगितलं. मोतीबिंदूचं शिबिर रविवारी त्याच्याच मंडळानं भरवलं होतं. यादीत पहिलं नाव त्यानं आईचं घातलं होतं, आणि पट्टी लावलेला तिचा फोटो शनवारा मोहल्ल्यात घरोघरच्या मोबाइलवर गेला होता. त्यानं शिबिरवाल्या दवाखान्यात फोन केला. डॉक्टर बाहेरगावचे, गुरुवारी येतील, तोवर ड्रॉप घालत राहा, असं तिकडून सांगितलं.

"दोन दिवसांचाच तर सवाल आहे, आई," तो म्हणाला. "आता दुसरीकडे गेलो, तर लोक काय समजतील?"

मालतीबाईंनी पट्टी परत डोळ्यावर ओढली. शिबिराला माणसं गोळा करायला त्याही दारोदार फिरल्या होत्या.

त्यांचे यजमान वामनराव हे ऐकत होते. गेल्या वर्षी त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन गावातल्याच दुसऱ्या दवाखान्यात झालं होतं. तिथं आधी शुगर तपासली, ती वाढलेली निघाली म्हणून ऑपरेशन पंधरा दिवस पुढं ढकललं. दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी स्वतः पट्टी सोडली, कुठला ड्रॉप किती वाजता ते लिहून दिलं, आणि दुखलं तर लगेच या, असं दोनदा बजावलं. मालतीबाईंची शुगर शिबिरात कुणी विचारलीही नव्हती. संध्याकाळी हातात ड्रॉपची बाटली देऊन त्यांना घरी पाठवलं होतं.

वामनरावांनी चपला घातल्या आणि रिक्षा बोलावली. मालतीबाईंना घेऊन ते त्या आपल्या दवाखान्यात गेले. हर्षल स्कूटरवर मागोमाग आला.

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी, डॉक्टर हिमानींनी, मशीनवर डोळा पाहिला. मग खुर्ची मागे घेतली.

"आत पू झालाय, माताजी. आत्ताच डोळ्यात इंजेक्शन देते, मग लगेच इंदूरला जायचं. नजर किती परत येईल, ते मला सांगता येणार नाही. ऑपरेशन कुठं केलं?"

मालतीबाईंनी मान मागे वळवली. मुलगा पाठीमागेच उभा होता.

"आमच्या शिबिरात," शेवटी हर्षलच म्हणाला.

डॉक्टर त्याच्याकडे वळल्या. "उस दिन और कितने लोग थे?"

"एकवीस."

"उनको किसी ने पूछा, कैसे हैं?"

हर्षलनं मोबाइल काढून शिबिराची यादी उघडली. मालतीबाईंनी हात मागे नेऊन चाचपडत त्याचं मनगट धरलं.

"आपल्या शिबिरातल्या, डोईफोडिया गावच्या धुरपदाबाईला आधी फोन लाव," त्या म्हणाल्या. "काल तिचा आला होता. लई दुखतंय म्हणाली. मी म्हटलं, एवढं दुखतंच."