घोट्याची पकड

कबड्डीच्या फायनलची शेवटची चढाई होती. मधल्या रेषेकडे झेपावणाऱ्या रझियाचा घोटा सुगंधाने धरला. आता ही पाऊल आत वळवून निसटणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं. गेली कित्येक वर्षं रझिया तिच्या हातातून अशीच सुटायची. पण या वेळी पाऊल वळलंच नाही. हातात खांब आल्यासारखं ते ताठ झालं आणि रझिया रेषेच्या अलीकडेच कोसळली.

शिट्टी वाजली. सुगंधाचा संघ जिंकला.

रझिया उठली ती थेट कबड्डी मंडळाच्या डॉक्टरांवर धावून गेली. "माझा पाय का अडवलात?"

"अगं, घोट्याच्या बाहेरचं लिगामेंट फाटणार होतं. ऑपरेशनमध्ये आम्ही त्यात विणलेल्या स्मार्ट धाग्यांना ते आधीच कळलं, म्हणून त्यांनी आपोआप आवळून धरलं. पाय वाचला तुझा!"

"फाटलं असतं तर माझं फाटलं असतं! मला विचारलंत?"

मैत्रिणी सुगंधाला खांद्यावर घ्यायला धावल्या. तिने त्यांचे हात झिडकारले आणि ती पंचांसमोर जाऊन उभी राहिली.

"गुण परत घ्या, सर. मी नाही धरलं हिला. हिच्याच पायाने हिला धरून दिलंय."