साडेसहाचं ताट

"सहा वाजले, तांडेल. वळवू?" सुकाणूवरून केशवने विचारलं. धुक्यात किनारा दिसत नव्हता. घड्याळ, होकायंत्र आणि बोटीचा वेग यांवरून जोमा तांडेलाने हिशेब केला होता, की सहाला खाडीचं तोंड येईल. लवकर वळलं तर बोट खडकावर फुटणार होती.

चार महिन्यांपूर्वी वारलेली बायको, हिरू, त्याला आठवली. "तुम्हाला घर नेहमी जवळच वाटतं. सहा म्हणालात, की मी साडेसहाला ताट वाढते," असं ती चिडवायची.

"अर्धा तास सरळच ने," जोमा म्हणाला.

वीस मिनिटांनी उजवीकडे खाडीचा दिवा लुकलुकला.

जोमा मिशीत हसला. "हरलीस, हिरू! सहा वीसच झालेत. अजून ताटही वाढलं नसशील."