छत्रीवरचं नाव

"कुणाचं नाव टाकू?" नवी काळी छत्री उघडून गुडघ्यावर घेत बन्सीधर पेंटरनं विचारलं.

"हिचं," तात्याराव म्हणाले आणि बायकोकडं न बघता हनुवटीनं दिशा दाखवली.

सोनपेठचा बाजार ऐन भरात होता. बन्सीधरच्या नखांत अजून लाल रंग होता. आठवडाभर तो सरकारच्या वतीनं भिंतीभिंतीवर कुटुंबनियोजनाचे त्रिकोण काढत होता. आज पांढऱ्याची पाळी होती.

"चुना सस्ता, पन पान्यानं जातो," त्यानं डबे पुढं सरकवले. "डिंकातला सफेदा झकास दिसतो, पन घडी घातली की तडकतो. ऑइलपेंट टिकंल. वाळायला मात्र येळ लागतंय."

"चुना लाव," तात्याराव म्हणाले.

"टिकनारा लावा," बायको म्हणाली.

घरातल्या परातीपासून हंड्यापर्यंत सगळ्यांवर सासऱ्याचं नाव होतं. सासऱ्यामागं घेतलेल्या भांड्यांवर नवऱ्याचं. एक तरी वस्तू आपल्या नावाची असावी, म्हणून ती आज बाजारात आली होती.

ऑइलपेंट ठरला.

"हां मामा, मामीचं नाव सांगा."

इथं अडचण आली. तात्यारावांनी आजवर बायकोला नावानं हाक मारली नव्हती. 'अगं' आणि 'ऐकलं का' एवढ्या भांडवलावर त्यांनी शेती, बाळंतपणं आणि बहात्तरचा दुष्काळ निभावला होता. त्यांनी इकडंतिकडं पाहिलं, खाली वाकले आणि बारशाला आत्या सांगते तसं पेंटरच्या कानात सांगितलं.

पेंटचा पहिला हात कापडानं पिऊन टाकला. अक्षरं राखाडी उमटली. दुसऱ्या हाताला उजळली: चांगुणाबाई. शेवटच्या 'ई'ला बन्सीधरनं हौसेनं लांब शेपटी काढली.

"काय लिवलंय?" तिनं विचारलं.

"तुजंच नाव."

"मला वाचता येतंय व्हय? वाचून दाखवा की."

"पेंटरला इचार."

"त्याला तुमीच सांगितलं. तो काय नवं सांगनार?"

"वाळू दे आधी."

"वाचायला बी वाळावं लागतंय का?"

बन्सीधर भलत्याच मन लावून ब्रश धुवायला लागला. तात्यारावांनी बाजाराकडं पाहिलं. बांगड्यांच्या दुकानाशी नेमका व्याही उभा होता. त्यांनी ओली छत्री जपून उचलली आणि तिरपी करून दोघांच्या आणि बाजाराच्या मधे आड धरली. आभाळात ढगाचं नाव नव्हतं. पांढरी अक्षरं सगळ्या बाजाराला दिसत होती. आत उभ्या असलेल्या दोघांनाच तेवढी दिसत नव्हती.

बराच वेळ छत्रीखाली नुसते दोघांचे पाय दिसत राहिले.

मग आतून बाईंचा आवाज आला, "लय हळू वाचता. पुन्यांदा वाचा."