गोळ्यांचा माळ

यंत्र पुन्हा वाजलं. इराने गुडघे टेकले, खुरप्याने माती उकरली आणि बाटलीचं बूच वर काढलं. सकाळपासूनचं हे सातवं.

कुसाबाई बांधावर बसून पाहत होती. तिच्या शेळ्या मागे करवंदीच्या जाळीत शिरल्या होत्या. नाशिकहून आलेली ही पोर तीन दिवस झाले, काठीला ताट बांधल्यासारखं दिसणारं ते यंत्र माळावर फिरवत होती. माळाच्या त्या टोकाला चुन्याने प्लॉट आखून झाले होते. जेसीबी येऊन उभा होता, फक्त सोमवारच्या सुनावणीसाठी थांबला होता. गावाने हरकत घेतली होती, की इथे आपली माणसं इंग्रजांच्या पलटणीशी लढली, हा माळ मोडू नका. सुनावणी घेणाऱ्या साहेबांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, गोष्टी पुष्कळ झाल्या, जमिनीतलं काही असेल तर दाखवा.

"काय हुडकते ग बाय?" कुसाबाईने शेवटी विचारलंच.

"बंदुकीच्या गोळ्या, आजी. शिशाच्या. लढाई झाली असेल तर शेकड्याने मिळायला हव्यात. एक नाही मिळाली."

"कशी मिळंल? आम्ही वेचल्या ना."

इरा खुरपं हातात धरून तशीच राहिली.

कुसाबाईला मात्र सांगताना थांबवेना. पाऊस उघडला की माळावरची माती वाहून गेलेली असायची आणि गोळ्या उघड्या पडायच्या, बोरांचा सडा पडावा तशा. ती आणि तिचा थोरला भाऊ झिपरू शेळ्या सोडून गोळ्यांच्याच मागे. झिपरूला तर खाली बघावंही लागत नसे. अनवाणी चालता चालता तो थबकायचा आणि पायाच्या बोटांत गोळी धरून पाय वर उचलायचा. ज्याच्याकडे जास्त तो त्या दिवसाचा राजा, आणि राजाच्या शेळ्या दुसऱ्याने वळायच्या. लहानपणभर त्या तिनेच वळल्या. संध्याकाळी बा लोखंडी पळीत गोळ्या वितळवायचा आणि मासे धरायच्या जाळ्याची वजनं ओतायचा. गावातल्या एकूण एक जाळ्याला याच माळाचं शिसं होतं. पुढे घोटीच्या बाजारात नायलॉनची जाळी मिळायला लागली, जुनी भंगारात गेली. झिपरूही गेला, त्याला आता नऊ वर्षं झाली.

"म्हणजे पुरावा तुम्हीच वितळवला," इरा म्हणाली. रागाने नाही, दमून.

"आमाला काय ठाऊक, कोणी दाखवा म्हणंल."

थोड्या वेळाने इराने विचारलं, कुठे कुठे सापडायच्या ते तरी आठवतं का. जागा कळली तर निदान सुटलेल्या एखाद-दुसऱ्या गोळीचा माग लागेल. कुसाबाई उठली. गुडघ्यांची कुरकुर तिला त्या दिवशी जाणवलीच नाही. या दगडापाशी लय, ओहोळाच्या काठाला त्याहून जास्त, तिथे झिपरू घसरून पडला होता, इथे एकदा दोघांनी एकदम हात घातला आणि बाच्या हातचा मार खाल्ला. ती दाखवत पुढे, इरा यंत्र घेऊन मागे. कुठेच काही वाजलं नाही. पोरांनी काम चोख केलं होतं.

चालता चालता कुसाबाई एका जागी वळसा घालून पलीकडे गेली. अंगणाएवढा तुकडा होता, त्यात गवताखेरीज काही नव्हतं. इरा मागेच थांबली.

"इथे का नाही?"

"तिथून वेचायच्या नाय. बा सांगायचा, ज्यांना लागल्या त्यांच्या त्या."

"झिपरूकाकांनीसुद्धा कधी..."

"त्यानं पाय बी नाय टाकला."

इराने कडेवर उभं राहून यंत्र आत धरलं. वाजलं. हातभर सरकवलं, पुन्हा वाजलं. मग ते वाजतच राहिलं. तिने यंत्र बंद केलं.

"आजी, मी एकही काढणार नाही. नुसती माती बाजूला करायची, फोटो घ्यायचा, जागा मोजायची आणि पुन्हा झाकायची. गोळी जागची हललेली नसली तर पुरावा म्हणून उलट जास्त धरतात."

कुसाबाईने एकदा त्या तुकड्याकडे पाहिलं आणि एकदा त्या टोकाच्या जेसीबीकडे. तो बाला विचारायला थांबणार नव्हता. तिने चपला काढल्या. इरा खुरपं घेऊन पुढे झाली तशी कुसाबाईने तिला हाताने मागे सारलं.

"लोखंड नको."

ती आत गेली, यंत्र पहिल्यांदा वाजलं होतं तिथे बसली आणि बोटांनी माती सारू लागली. चार बोटं खाली पांढुरकं काहीतरी दिसलं. तिने हात काढून घेतला. इराने कडेला मोजपट्टी ठेवली आणि वाकून फोटो घेतला. गोळी एका बाजूने चेपलेली होती, पिठाच्या गोळ्यावर अंगठा दाबावा तशी. "हाडावर आदळली की अशी चेपते," इरा म्हणाली.

कुसाबाईची नजर गोळीवरून हलली नाही.

"आमच्या समद्या गोल व्हत्या," ती म्हणाली.