एका दुपारपुरता नवरा

"नाव सांग परत," सगुणाबाई म्हणाली.

"सर्जेराव," मानसिंग म्हणाला.

"बायकोचं?"

"शिवानी. मावशे, किती घोकून घेशील? म्या काय चौथीत हाय व्हय?"

शिवानी गॅसपाशी उभी होती. चहात साखर टाकली का नाही, तेच तिला आठवेना. ह्या माणसाचं तोंड ती आजच बघत होती, आणि आता त्याच्याशेजारी बायको म्हणून बसायचं होतं.

दुसरा इलाज नव्हता. उत्रोलीतल्या पाच बायकांचा गट. कर्ज एकमेकींच्या जबाबदारीवर, आणि नवरा समोर बसल्याशिवाय फायनान्स कंपनी बाईला पैसे देत नाही. एकीचं अडलं की पाचींचं अडतं. शिवानीला घरात पिठाची गिरण बसवायची होती. गिरण आली की बाजारात नको, एसटी स्टँडवर नको, कुठंच तोंड दाखवायला नको. दळण आपल्या पायानं दारात येईल.

गावात तिनं सांगून ठेवलेलं, नवरा गुजरातेत ट्रकवर आहे, त्याचा फोन लागत नाही. सगुणाबाई गटाची प्रमुख. तिनं सरळ बहिणीचा पोरगा बोलावून घेतला.

खरा सर्जेराव गुजरातेत नव्हता. वेल्ह्याकडं, त्याच्याच घरी होता. शिवानी एका पहाटे कागदपत्रांची पिशवी उचलून तिथून निघाली, ती परत मागं वळली नाही. "पळालीस तर शोधून काढीन, आन जित्ती गाडीन," असं तो म्हणायचा. आणि तो बोललेलं करणारा माणूस होता. तिच्या डाव्या हाताची दोन बोटं अजून वळत नव्हती.

बाहेर गाडी थांबली.

"आली गं बया," सगुणाबाई कुजबुजली. "शिवाने, पदर नीट घे. आन थरथरू नको, नवरा हाय तो तुझा."

कंपनीच्या नूतन मॅडम पुण्याहून आल्या होत्या. पायात बूट, हातात टॅब.

"मी रिस्कमधून आलेय," मॅडम म्हणाल्या.

"म्हंजी वो?" सगुणाबाईनं विचारलं.

"पैसे बुडू नयेत म्हणून आधीच तपासायचं. आमच्याकडे परदेशातले लोक पैसे लावतात. त्यांना खात्री लागते."

"घ्या! आमच्या नवऱ्यांची खात्री आमाला न्हाई, आन परदेशातल्यांना पायजे!"

मॅडम हसल्या. शिवानीचे ओठ हललेच नाहीत.

मॅडमनी सर्जेरावाच्या आधारची झेरॉक्स पुढं घेतली; तिच्यावरचा फोटो नुसता काळा डाग होता. प्रश्न सुरू झाले. लग्न कुठं झालं, गाडी कुठल्या रस्त्यावर चालते, घरी कधी येता. मानसिंग धडाधड सांगत होता. मधेच मॅडमची नजर खाली गेली.

"यांच्या हाताला काय झालं?"

शिवानीनं हात पदराखाली घेतला. हे कुणी घोकून घेतलंच नव्हतं.

"मळणी यंत्रात गेली बोटं," मानसिंग शांतपणे म्हणाला. "नको म्हणत व्हतो. ऐकती कुठं?"

शिवानीनं चमकून त्याच्याकडं बघितलं. गावात ती दारात बोटं चेंगरली असं सांगायची. मळणी यंत्राचं सर्जेरावानं दवाखान्यात सांगितलं होतं. अगदी असंच, मान हलवत. पण असू दे, तिनं मनाला समजावलं. खोटं बोलणाऱ्या पुरुषांना सुचून सुचून काय सुचणार? एकच.

"जरा जवळ बसा. फोटो काढते."

"लगनातबी असंच बसले व्हते, मॅडम," सगुणाबाई म्हणाली. "मधी म्हस जाईल एवढी जागा ठिवून."

फोटो निघाला.

"आता शेवटचं," मॅडम टॅबवर बोट फिरवत म्हणाल्या. "आधारला जोडलेल्या मोबाईलवर ओटीपी येईल. नवऱ्याचा. तो सांगा."

तो मोबाईल सर्जेरावाच्या खिशात होता.

तिनं सगुणाबाईकडं बघितलं. सगुणाबाईनं हळूच डोळा मारला. "मोबाईलचं दुकान हाय मानसिंगचं सारोळ्यात," ती कालच म्हणाली होती. "ओटीपी-बिटीपीची फिकीर करू नगंस, त्यो बघंल." मोबाईलवाल्यांना सगळं जमतं, असं तेव्हा शिवानीलाही वाटलं होतं.

मानसिंग मोबाईलकडं बघत बसला.

"आला नाही का?" मॅडमनी विचारलं.

"रेंजचं लई वांदं हितं."

मॅडमच्या कपाळाला आठी पडली. तेवढ्यात मोबाईल वाजला. मानसिंगनं आकडे वाचले. मॅडमनी दाबले. टॅबवर हिरवी खूण आली.

"झालं. गट मंजूर. गिरणीवरचं पहिलं पीठ मला द्यायचं हं, वहिनी."

सगुणाबाई मॅडमना गाडीपर्यंत सोडायला गेली. बाहेर बाकीच्या बायकांचा गलका ऐकू आला. शिवानी मटकन खाली बसली. किती दिवसांनी छातीत नीट श्वास गेला. तिला हसूच फुटलं.

"भाऊ, तुमचे उपकार कसे फेडू? पर एक सांगा. नंबर त्यांचा, आन तुमच्या मोबाईलवर आला कसा? मशिनीत काय करता व्हय?"

"मशिनीत काय करायचंय, ताई?" मानसिंगनं चहाचा घोट घेतला. "ओटीपी दाजींच्याच मोबाईलवर आला. त्येनी मला धाडला."

शिवानीचं हसू तसंच तोंडावर राहिलं.

"तुमी म्हणता फोन लागत न्हाई. दाजींच्या आधारच्या झेरॉक्सवर नंबर व्हता, म्या लावला, तर पहिल्याच रिंगला उचलला की! लई गोड माणूस. तुमच्या हाताचं सांगताना रडायलाच आलं त्येना. हितला पत्ता दोनदा इचारून घेतला." तो दाराकडं बघत समाधानानं हसला. "शिवानीला सांगू नगा म्हणले, अचानक जातो. ओटीपी धाडला तवाच नसरापूर सोडलं व्हतं त्येनी, येतीलच आता."