न आलेल्याचा वाटा

एकच जागा उरली होती आणि टेबलावर प्रस्ताव दोन होते. योगेंद्रनं त्यातला एक पुढे सरकवला. चिन्हांच्या तर्कशास्त्राची कार्यशाळा. हा घेऊन टाकू, तो म्हणाला. दुसऱ्यात काही दम नाही, मासोळ्या वाटायच्या गोष्टी आहेत.

लिलाधर सरांनी दुसरा प्रस्ताव उचलला. भंडाऱ्याच्या एका कॉलेजात दर मे महिन्यात तर्कशास्त्र आणि भाषाविज्ञानाची उन्हाळी शाळा भरे. तिथे काय शिकवायचं ते हे तिघं ठरवत. निवृत्त झालेले सर, तर्कशास्त्र शिकवणारा योगेंद्र आणि शाळेची सगळी व्यवस्था पाहणाऱ्या रक्षाताई. प्रस्तावावर नाव नसे, फक्त नंबर. नावं रक्षाताईंकडे लिफाफ्यात बंद. निवड झाल्यावरच लिफाफा फोडायचा. नाकारलेल्यांचे शेरे कॉलेजचा कारकून नंबरावरून परस्पर पाठवी. हा नियम सरांनीच घातला होता.

दुसरा प्रस्ताव सरांनी ओळखला. तो मागच्या वर्षीही आला होता. तलावावर जाळं ओढून झालं की मासोळ्यांचे ढीग लावतात. एक जण ढिगांकडे पाठ करून बसतो. दुसरा एका ढिगावर हात ठेवून विचारतो, हा कोणाचा? पाठमोरा माणूस एक नाव घेतो. तो ढीग त्याचा. आजारी पडल्यामुळे जो आलाच नाही, त्याचं नाव घ्यायचं की नाही, यावर वाद होतो. त्या वादात लोक कोणती कारणं देतात आणि कोणतं कारण शेवटी टिकतं, हे प्रस्तावात मांडलं होतं. मुलांना तलावावर नेऊन तो वाद ऐकवायचा आणि मग वर्गात उकलायचा.

सर स्वतः मासोळ्या धरणाऱ्यांच्या घरातले. करडी या आपल्या गावी लहानपणी त्यांनी असे ढीग पाहिले होते. प्राध्यापक झाल्यावर त्यांनी त्या तलावाचं नाव कोणापुढे काढलं नाही.

मागच्या वर्षी हा प्रस्ताव त्यांनी जेवताना बायकोला वाचून दाखवला होता. हसत हसत. आता मासोळ्याही तर्कशास्त्र शिकून राहिल्या, असं म्हणाले. गुणाबाई आसगावच्या शाळेत मराठी शिकवत. उन्हाळी शाळेत दरवर्षी येऊन मागच्या बाकावर बसत. कूलरच्या हवेसाठी येते, असं सर सगळ्यांना सांगत आणि त्याही हसत. त्या दिवशी हसल्या नाहीत. सरांनी पेन काढलं आणि शेऱ्याच्या कागदावर एक शब्द लिहिला. निरर्थक.

"असं नोका लिहू जी," गुणाबाई म्हणाल्या. "पुढच्या साली आनखी पाठवा, एवढं तरी लिहा. लिहिणाऱ्याच्या जीवाले बरं वाटन."

"खोटी आशा कायले द्याची?"

सरांनी कागद पाकिटात घातला. गुणाबाईंनी त्यांना भात वाढला.

दिवाळीनंतर त्या गेल्या. तेव्हापासून सरांना त्यांनी मागितलेल्या गोष्टी आठवत. फार नव्हत्या. एक ओळ लिहायला काय लागलं असतं, हे त्यांना कळत नव्हतं.

"हाच घ्या," सर म्हणाले.

मागच्या साली तर तुम्हीच फेकला होता, योगेंद्र म्हणाला. सरांनी सांगितलं, तेव्हा नीट वाचला नव्हता. रक्षाताई सरांच्या बाजूनं झाल्या आणि निवड झाली.

रक्षाताईंनी लिफाफा फोडला. आतलं वाचलं, परत वाचलं आणि कागद सरांपुढे ठेवला. दोन नावं होती. एक रुचिताचं, आसगावच्या त्याच शाळेतल्या तरुण मास्तरणीचं. दुसरं गुणाबाईंचं.

योगेंद्रनं उठून पाण्याचा ग्लास आणला. सरांनी तो घेतला नाही.

निवड झाली की लगेच फोन करायचा, अशी रीत होती. रक्षाताईंनी रुचिताला फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवला. सर समोर आहेत हे तिला माहीत नव्हतं. ती आधी हसली, मग रडली. दोघींनी सुट्ट्यांमध्ये तलावावर बसून हे लिहिलं, असं तिनं सांगितलं. सरांच्या कानावर जाऊ द्यायचं नाही, अशी बाईंची ताकीद होती. नवऱ्यानं बायकोचं पास केलं असं कोणी म्हणू नये. एकदा नाकारल्यावर ती स्वतः तर सोडूनच देणार होती.

मग पुन्हा कसं पाठवलंस, रक्षाताईंनी विचारलं.

"शेऱ्याचा कागद आमच्या आसगावच्या शाळेत बाईंच्या नावानं आला होता, ताई. मी नाही पाहिला. पण बाईंनी सांगितलं, तपासणाऱ्यानं लिहिलं आहे, काम चांगलं आहे, पुढच्या साली आनखी पाठवा. दवाखान्यातही तेच म्हणत होत्या. मी नसली तरी पाठवजो, तो माणूस मनाचा चांगला आहे."

सरांनी खुर्ची फिरवली आणि ते भिंतीकडे तोंड करून बसले.

रुचितानं विचारलं, तो शेरा कोणी लिहिला ते आता सांगता येईल का? तिला त्यांचे आभार मानायचे होते.

रक्षाताईंनी फोनवर हात ठेवला. त्या सरांच्या पाठीकडे पाहत हळू आवाजात म्हणाल्या, "सर, कोणाचं नाव सांगू?"

"गुणाचं," सर म्हणाले.