रंधा

जुनं लाकूड घासून, रंगवून नवं करण्यात ओशच्या बाजारात एसेनकुलचा हात धरणारा कोणी नव्हता. त्याच्या दुकानात दर्शनी भागात ठेवलेला लाल पाळणा पाहून तुर्सुनाय आजी थबकली आणि लगेच मान हलवून म्हणाली, "छे, हा तर कोरा करकरीत. मी आमचा जुना शोधतेय रे. मी इस्पितळात होते, तेवढ्यात घरच्यांनी अडगळ म्हणून विकून टाकला. आता नातीला बाळ होईल. ज्यात पोरं वाढली त्याच पाळण्याला बरकत असते, नव्याला कसली?"

"ओळखाल कसा?"

"वरच्या दांड्याला, डाव्या टोकाशी, माझ्या लेकाच्या दातांच्या खुणा आहेत. दात येत होते तेव्हा सारखा चावायचा लबाड. लेक गेला, तेवढ्याच राहिल्यात."

एसेनकुलचा चेहरा उतरला. लाल पाळण्याच्या दांड्यावर, डाव्या टोकाशी हात ठेवून तो म्हणाला, "आजी, हाच तो. मला वाटलं उंदरांनी कुरतडलंय, म्हणून मी रंधा मारला. घेऊन जा, पैसे नकोत."

आजीनं दांड्यावरून सावकाश बोट फिरवलं. ते कुठेच अडलं नाही.

"म्हातारीचं मन राखायला एवढं खोटं बोललास!" तिनं त्याच्या गालावर हात ठेवला. "अल्ला तुझं भलं करो, पोरा."

आणि ती पुढच्या दुकानात विचारायला गेली.